कड्यावर थांबलेलं गिधाड

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ती घटना आजही आठवते आणि अंगावर काटा येतो.

त्र्यंबकच्या बाजूला एका डोंगराळ ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असतानाच एक संशोधक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. गिधाडांच्या पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र बांधून ती कुठे फिरतात, हे त्या उपग्रहावरून पाहत असत.

"साहेब, आमचं एक गिधाड दोन दिवस एकाच कड्यावर येऊन बसतंय."

"खाली जनावर मेलं असेल. वनखात्याला कळवा."

"मेलेलं असतं तर उतरून, खाऊन निघून गेलं असतं. हे उतरतच नाही. संध्याकाळी जातं, उजाडलं की परत त्याच कड्यावर." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "खाली जे आहे ते अजून जिवंत असावं. गिधाड वाट बघतंय."

नकाशावर लाल ठिपक्यांचा नुसता ढीग झाला होता. त्याच कड्याखालच्या पाड्यावरच्या एका माणसानं आदल्या दिवशी बायको हरवल्याची तक्रार दिली होती. घोटीला बहिणीकडे निघाली, पोचलीच नाही. आम्ही मिसिंग दाखल करून घोटीला कळवलं होतं. तेवढंच.

वनरक्षक आणि गावची चार माणसं दोर देऊन कड्याकडे पाठवली. पण तिथे सगळ्या कपारी आणि करवंदाच्या जाळ्या; नेमकी जागा ठिपके सांगत नव्हते. नवऱ्याला ठाण्यात आणवलं.

तो शांत होता. बायकोच्या लुगड्याचा रंग, एसटीची वेळ, पिशवीतलं सामान, सगळं न विचारता सांगत सुटला. ज्याचं माणूस खरंच हरवलेलं असतं, तो पोलिसालाच प्रश्न विचारून भंडावतो. यानं एकही विचारला नाही.

मी लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. "हे एक गिधाड आहे. तुमच्या पाड्यावरच्या कड्यावर दोन दिवस बसून आहे."

तो ठिपक्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अजून खाल्लं नाय?"

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं.

"कुठून ढकललंस?"

त्यानं जागा सांगितली. मी लगेच वायरलेसवर कळवलं आणि जीप काढली.

दुपारी ती सापडली. कड्याच्या मध्यावर, अरुंद कपारीत, पाय मोडलेली. दगडातून झिरपणारं पाणी चाटून तिनं जीव धरला होता. वर तीन गिधाडं माना खाली घालून बसली होती. माणसांचा आरडाओरडा झाला तरी ती हलली नाहीत. तिला दोरावरून वर घेतल्यावरच एकेक करून उडाली.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मी तिचा जबाब घेतला. दुसरं लग्न करायचं म्हणून नवऱ्यानं लाकडं आणायच्या निमित्तानं तिला वर नेलं होतं.

"डोळा मिटला का एक गिधाड जवळ यायचं, सायेब," ती म्हणाली. "मंग मी हात हालवायचे. दिसा झोपलेच नाय."

खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालला, तिनं न डगमगता साक्ष दिली आणि नवऱ्याला शिक्षा झाली. पण त्या दिवशी जबाबावर अंगठा देताना तिनं मला विचारलं होतं, "दोन दिस मला कोन हुडकत हुतं का, सायेब?"

रजिस्टरमध्ये तिचं नाव होतं, खाली माझी सही होती. नोंद करणं आणि शोधणं यांतला फरक मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्या खाटेशेजारी कळला. त्यानंतर ठाण्यात मिसिंग आली, की कागद पुरा व्हायच्या आधी मी त्या घराच्या उंबऱ्यात उभा असायचो.