अंबरीश देवस्थळी यांचं मार्गदर्शन

अंबरीश देवस्थळी नक्की काय काम करतात हे इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये आजवर कोणालाही सांगता आलेलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी पुण्याहून आले तेव्हा ते कोड लिहीत असत, असा एक समज आहे. पुढे ते कोड लिहिणाऱ्यांना 'कधी होईल' असं विचारू लागले आणि हल्ली ते विचारणाऱ्यांना 'विचारलं का' असं विचारतात. कंपनीत याला प्रगती म्हणतात. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे मोदक वळायला बसले की देवस्थळी हातात कागद घेऊन कोणाचे किती झाले ते बघत फिरतात. त्यांच्या हातचा मोदक कोणी पाहिलेला नाही. आभारप्रदर्शनात मात्र त्यांचं नाव पहिलं येतं, कारण आभारांची यादी तेच करतात.

त्यांची बायको निवेदिता जवळच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं तेवढंच लिहायचं, अशी तिच्या धंद्याची रीत असल्यामुळे घरात ती फारशी बोलत नाही. बोलण्याचा भार देवस्थळींनी आपण होऊन उचलला आहे.

त्यांची एकुलती एक लेक इरावती एडिनबराला बिझनेस शिकते. तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर सोलच्या विद्यापीठात करायची संधी आली तेव्हा तिने लगेच अर्ज केला. कोरियन मालिका ती तेराव्या वर्षापासून बघत होती आणि तिथे जाण्याचं एवढंच कारण होतं. अर्जातलं निवेदन देवस्थळींनी लिहिलं. त्यात आशियाचं शतक होतं, मूल्यसाखळी होती आणि 'नेतृत्व' हा शब्द सात वेळा होता. मालिकांचा उल्लेख नव्हता. निवड झाल्यावर हा कसा दूरदृष्टीचा निर्णय आहे ते त्यांनी थेट लंडनच्या पिनरपर्यंतच्या सगळ्या ओळखीच्या घरांना समजावून सांगितलं.

सोलला इरावती मजेत होती. बुसानचा समुद्र बघून झाला, जेजू बेटावर जाऊन झालं. मे संपता संपता ग्रुप प्रोजेक्टचा दिवस जवळ आला. विषय साधा होता: विद्यापीठाजवळच्या चोवीस तास उघड्या दुकानांत विद्यार्थी एकटे का जेवतात. गटात चौघं, प्रत्येकाने पंधरा मुलाखती घ्यायच्या. तिघांच्या झाल्या होत्या. इरावतीच्या महिन्याभरात दोन झाल्या होत्या.

गटाची प्रमुख मिनजी नावाची मुलगी होती. बुधवारी तिने अतिशय नम्र मेसेज पाठवला. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत उरलेल्या तेरा मुलाखती आल्या नाहीत, तर सादरीकरणाच्या पहिल्या पानावरून इरावतीचं नाव काढावं लागेल. तिथली तशी पद्धतच आहे. जो राबला नाही त्याचं नाव लागत नाही, आणि याबद्दल कोणी आवाज चढवत नाही. नाव गेलं की मार्क गेले, मार्क गेले की क्रेडिट्स गेले, आणि क्रेडिट्स कमी पडले तर एडिनबराला अख्खं वर्ष पुन्हा करायचं.

इरावतीने आईला फोन केला. "आई, मला जाऊन विचारायचं कसं तेच कळत नाही. ते जेवत असतात आणि मी मधेच जाते. खूप ऑकवर्ड होतं."

"जा आणि विचार," निवेदिता म्हणाली. "नाही म्हणाले तर दुसऱ्याला विचार."

एवढ्यावर हे प्रकरण संपायला हवं होतं, पण देवस्थळींनी फोन घेतला. "थांब, अशी घाई नको. आधी अप्रोच ठरवू."

अप्रोच ठरवायला दोन दिवस लागले. गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला त्यांनी लेकीबरोबर कॉल ठेवला. ब्रॅकनेलला नऊ वाजतात तेव्हा सोलला संध्याकाळचे पाच झालेले असतात, म्हणजे एकटी जेवणारी पोरं दुकानात येऊन नूडल्सवर गरम पाणी ओतायची वेळ. त्या वेळी इरावती खोलीत बसून तेरा मुलाखतींचा तक्ता बघत होती. तक्त्यात जोखमीचा रकाना होता. 'समोरची व्यक्ती नकार देईल' या जोखमीला त्यांनी पिवळा रंग दिला होता, शुक्रवारी विचारांती तो लाल केला. जबाबदारीचा रकाना होता आणि त्यात सगळीकडे इरावतीचं नाव होतं. देखरेखीच्या रकान्यात त्यांचं होतं.

शनिवारी ते गटाच्या कॉलवर स्वतः हजर झाले, आपला स्क्रीन दाखवून वीस मिनिटं बोलले. तिघंही मुलं शांतपणे ऐकत होती. देवस्थळींना ही दाद वाटली. ते थांबल्यावर मिनजीने विचारलं, किती मुलाखती झाल्या. देवस्थळी म्हणाले की नुसत्या आकड्यावरून चित्र स्पष्ट होत नाही. मिनजीने तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला.

"दोन," इरावती म्हणाली.

यावर देवस्थळींनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्यांनी प्रकरण वर नेलं. प्राध्यापकांना मेल लिहिला, तिन्ही मुलांना कॉपीत ठेवलं आणि मुदत लवचीक असावी याचे पाच मुद्दे मांडले. इरावती नको नको म्हणत असताना तो गेला. तासाभरात दोन ओळींचं उत्तर आलं: नाव ठेवायचं की काढायचं हे गट ठरवतो, आणि आपण कोण ते कळलं नाही. देवस्थळींच्या मते, निदान संवाद सुरू झाला होता.

रविवारी सकाळपासून इरावतीचा फोन बंद होता. ती दुकानात जाऊन बसली आणि मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये येईल त्याला विचारत सुटली. चौघं नाही म्हणाले. नऊ जण हो म्हणाले, त्यातल्या एकीने तिला स्वतःचा अर्धा किंबाप, म्हणजे भाताची गुंडाळी, दिला. सातला हिशोब झाला तो अकराचा. चार कमी. मिनजीने ती सगळी कागदपत्रं घेतली, वाकून आभार मानले आणि पहिल्या पानावरून नाव काढलं.

सोमवारी इरावतीने बाबांना फोन केला. ती रडत नव्हती. "बाबा, एका दिवसात मी नऊ केल्या. गुरुवारी आणि शुक्रवारी मी तुझ्याबरोबर बसले होते."

देवस्थळींनी समजावलं की दोष त्या दोन दिवसांवर ढकलणं सोपं आहे. त्याआधीचा महिनाभर ती काय करत होती, याचं उत्तर तिने स्वतःला द्यायला हवं. मुद्दा बिनतोड होता. असे मुद्दे त्यांना नेहमी काम हातचं गेल्यावर सुचतात.

"उत्तर आहे माझ्याकडे," इरावती म्हणाली. "मला वाटलं, ग्रुपमध्ये नुसतं असलं की पुरतं. घरी मी तेच बघितलंय."

 देवस्थळी म्हणाले की लाइन तुटतेय.

मंगळवारी त्यांनी मायलेकींना कॅलेंडरवर अर्ध्या तासाच्या बैठकीचं आमंत्रण पाठवलं. विषय होता, या अनुभवातून मिळालेले धडे. इरावतीने ते नाकारलं. वर्ष पुन्हा करायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागेल, ते विचारायला ती त्या वेळी एडिनबराला फोन लावून बसली होती. निवेदिताने मात्र स्वीकारलं. ठरल्या वेळी ती डायनिंग टेबलाशी येऊन बसली, तीस मिनिटं नवऱ्याकडे बघत राहिली आणि उठून भात लावायला गेली.

बैठकीचं इतिवृत्त देवस्थळींनी जेवणाआधीच दोघींना पाठवलं. ते दीड पानाचं होतं.