सुई कंपनीची, ताप कुणाचा?

सोनाजी गेटवर असला की चिकलठाण्यातल्या आमच्या कंपनीत मालकाच्या मेव्हण्यालाही पासशिवाय आत जाता येत नसे. माणूस पैठणकडचा, धनगराचा. मेंढरं विकून मुकुंदवाडीत आला आणि वॉचमन झाला. नियम म्हणजे नियम, एवढंच त्याला ठाऊक.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी नोटीस लागली. लस घेतली नसेल त्याला पंधरा तारखेपासून गेट बंद. पंधराला सकाळी एचआरच्या काकासाहेबांनी यादी सोनाजीच्या हातात दिली. त्यानं बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि दहा जणांना बाहेरच थांबवलं. अकरावं नाव वाचलं, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि स्वतःच बाहेर जाऊन उभा राहिला.

काकासाहेब पळत आले. "मामा, हे काय? गेट कोण बघणार?"

"यादीत माजं बी नाव हाय, सायेब."

"मग घेऊन टाका ना लस! भीती वाटते का?"

"भ्या कशाचं? जिंदगीभर मेंढरं धरलीत म्या सुईला. पर मेंढराला कुणी इचारत नाय. मला बी नोटीसच लावली. इचारलं आसतं तर मागंच घेतली आसती."

"अहो, कँटीनच्या सरूबाईंचा नवरा डायलिसिसवर आहे. तुमच्यामुळं तिच्या घरात आजार गेला तर? मग लस घेणं काय फक्त तुमची मर्जी आहे का?"

हे सोनाजीला कुणी सांगितलंच नव्हतं. पण बाकीचे दहा जण त्याच्याकडं बघत होते, त्यामुळं तो तसाच घरी निघून आला.

त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, कधीच लस घेतली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंग जावा की."

"आता गेलो तर नोटीशीला भ्यालो म्हणतील."

"म्हणू द्या. सरूबाईच्या घरी काय झालं तर त्ये बी म्हणतील."

दुसऱ्या दिवशी तो काकासाहेबांच्या केबिनमध्ये नाही, खिडकीशी गेला. त्याला गेट अजून बंदच होतं. "घेतो लस. पर एक सांगा. सुई कंपनीनं टोचायला लावली, मंग ताप आला तर तो कुणाचा? खाडा आमचा का?"

काकासाहेब डोकं खाजवत मालकाकडं गेले. तासाभरानं जुनी नोटीस उतरली, नवी लागली. लशीनंतर ताप आला तर हजेरी भरायची. शनिवारी कँटीनमध्ये डॉक्टर लस घेऊन येणार, ज्याला जे विचारायचं ते विचारायचं. आणि ज्याला डॉक्टरच नको म्हणतील त्याचं गेट बंद नाही.

शनिवारी सगळ्यात जास्त प्रश्न सोनाजीनंच विचारले. डॉक्टरांचा चहा गार झाला. मग त्यानं बाही वर केली आणि त्याच्यामागं दहाही जण रांगेला लागले.

सोमवारी सात जण तापानं घरी राहिले. सोनाजी मात्र वेळेवर गेटवर हजर. सरूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो मामा, भांडून सुट्टी मिळवली तुम्हीच, अन् तुम्हीच कामावर?"

"काय करू बाई," सोनाजी खरंच खट्टू होऊन म्हणाला, "लई वाट बघितली. ताप आलाच नाय."