पोळ्याच्या आदल्या दिवशी आईला खरं सांगितलं

माझ्यामुळे आई गेली, असं माझे वडील, नाना, शेवटपर्यंत मानत होते.

आज तिला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. असलं फेसबुकवर लिहू नये म्हणतात.
पण मी सत्तरी ओलांडली आहे आणि खरंच थकले आहे.

बाहत्तरचा दुष्काळ. नगरजवळचं आमचं कोरडवाहू गाव.
आईच्या टाचेवर काळा डाग होता. कुरूप समजून आम्ही बिब्बा लावत बसलो. चिघळला तेव्हा पुण्याला नेलं.

डॉक्टरांनी तो काढला आणि नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "कातडीचा कॅन्सर आहे. पसरू शकतो. तपासायला आणत राहा. आणि त्यांच्या मनाला त्रास होऊ देऊ नका."

नानांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घट्ट धरलं.

त्याच उन्हाळ्यात चारा संपला. हिऱ्या आणि माणक्या हे बैल आईनं वासरं असल्यापासून वाढवलेले. नानांनी ते बाजारात विकले. कुणी घेतले, हे त्या वर्षी कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आईला सांगितलं, बैल अकोले तालुक्यात मामाकडे आहेत, तिकडे डोंगरात चारा आहे.

मग घरभर नाटक. नाना रोज हसून सांगायचे, "मजेत हायती. अंगानं भरल्यात."
मी सतरा वर्षांची. मीही हसायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आई पाय पसरून बैलांसाठी नवे गोंडे करत बसली होती.
"मामाला निरोप धाड. सणाला तरी आनून दावा म्हनावं."

मला राहवलं नाही. सांगून टाकलं.

ती पोटभर रडली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. तुमी समदी सारखी हसताय. मला वाटलं माझंच दिस भरत आल्यात, म्हून कुनी खरं बोलत न्हाई."
त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिनं अख्खी भाकरी खाल्ली.

दसऱ्याला जांघेत गाठ लागली. लिंबाएवढी.
माघात आई गेली.

दहाव्याला नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "तू बोललीस म्हून पसरलं."
पुन्हा तसं कधी नाही बोलले. फक्त मी माहेरी गेले की उठून शेतात जायचे.

मध्यंतरी भाचीला विचारलं. ती डॉक्टर आहे.
"आत्या, टेन्शनचा आणि कॅन्सर पसरण्याचा संबंध असू शकतो, अभ्यास चालू आहे. पण एका पेशंटचं असं सांगता येत नाही. एवढी गाठ म्हणजे बहुतेक आधीच पसरला होता. आजीला परत तपासायला नेलं होतं का?"

नव्हतं नेलं. दवाखाना बघून ती काळजी करत बसेल म्हणून.

आईचं ते "बरं झालं" नानांना सांगितलं असतं तर मी सुटले असते.
नाही सांगितलं.

बैल त्यांनी विकले, हसायला त्यांनी लावलं, परत न्यायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं. सगळं तिच्यावरच्या मायेपोटी. त्यानंच ती आतून खचत होती, हे कळलं असतं तर ते जगले नसते.
माझ्यावर राग धरून वयाच्या ऐंशीपर्यंत जगले.

आता तेही नाहीत.

आई, दमले गं. आजपासून हे खाली ठेवते.
तुला मनापासून नमस्कार.