एका टबातला लव्हाळा

शिवाप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे की, आता भांडायचं कुणाशी? महिना होत आला, पण मी नक्की कशासाठी रडलो ते अजून नीट उमगत नाही...

आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. नव्वदच्या दशकात दर पावसाळ्यात पन्हाळ्यापलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, जायचो, ते लव्हाळ्यासाठी. लोकांच्या लेखी ते गवतच. शिवाप्पा विद्यार्थ्यांच्या हातात दांडी द्यायचा. “फिरवा बोटात. तीन कडा लागत्यात? मग गवत न्हवं ते.” आमचं वाजायचं ते याच्या पुढच्या गोष्टीवरून. कातळावरचा लव्हाळा बुटका, काळपट तुऱ्याचा. पाणथळीतला उंच, फिकट. तो म्हणायचा, या दोन जाती. मी म्हणायचो, एकच, जागेनं बदललेली. “तुला भिंगातनं बी दिसंना व्हय? गावाकडं नेसरीला चल, आमच्या म्हशीला इचारू,” असं तो स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सुनवायचा. शेवटी त्यानं दोन्ही आणून घराच्या गच्चीवर दोन कुंड्यांत, एकाच मातीत लावले. फरक टिकला तर तो खरा, पुसला गेला तर मी. पावसाळे गेले तरी “थांब की” म्हणायचा. मग त्याच्या आजारपणात ते राहूनच गेलं.

लिंगायत रीतीनं त्याला मातीत बसवलं त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला लव्हाळा उगवला होता. सवयीनं मी दांडी तोडली, बोटांत फिरवली आणि त्याला दाखवायला वळलो.

परवा वहिनींकडं गेलो. गच्चीवर कुंड्या नव्हत्या, प्लास्टिकचा एक टब होता, लव्हाळ्यानं गच्च भरलेला.

“कुंड्या फुटल्या बघा मागंच,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, दोगंबी ऱ्हाऊ द्यात एकात. त्यांच्या दुखण्यातबी पाणी चुकवलं न्हाय मी.”

सगळे तुरे सारखे दिसत होते. म्हणजे मी जिंकलो? की एक कधीच मेला आणि दुसऱ्यानं टब व्यापला? की त्याच्याशिवाय मला फरक दिसतच नाही?

“आता तुमीच सांगा भावजी. एक हाय का दोन?”

इतकी वर्षं मी ‘एकच’ म्हणत आलो होतो.

“दोन आहेत, वहिनी.”

“मग त्यांचं कंचं, दावा की.”

मी टबाशी वाकलो. एक दांडी बोटांत फिरवली, तीन कडा लागल्या. मग शेजारची घेतली...