ग्लेनिसची अकरा नावं

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू बंदरात मर्व नॅनकिव्हेलची गाडी रस्त्यावर आली की धक्क्यावरची माणसं पैज लावायची : बेकरीपर्यंत पोचते, की टपाल कचेरीपाशीच बसते. चांदीच्या रंगाची, दोन सीटांची, जमिनीला पोट घासत जाणारी विलायती गाडी. आधीचे दोन मालक ॲडलेडचे, बडे लोक. तिसऱ्याकडे, म्हणजे मर्वकडे, आली तेव्हा तिचं इंजिन उत्तम होतं आणि डोकं फिरलेलं होतं. थंडीत डिकी आपोआप उघडायची. उजवीकडे वळायचा दिवा लावला की डावी काच खाली जायची. मागे सीटच नाही, तरी मागच्या प्रवाशानं पट्टा लावला नाही म्हणून ठणाणा करायची. मी इथे नऊ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. या गाडीनं मला जेवढं शिकवलं तेवढं आयटीआयच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नाही, आणि तेवढं छळलंही नाही.

मर्वनं चाळीस वर्षं गव्हाच्या कोठारांवर जहाजं भरली. हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. पहिल्या भेटीत मी अदबीनं ‘मिस्टर नॅनकिव्हेल’ म्हणालो, तर त्यानं दचकून मागे पाहिलं. “कोण, माझा बाप? तो कधीच गेला. मला मर्व म्हण.”

निवृत्त झाल्यावर त्याला इथल्या सगळ्यांसारखी कॅरॅव्हॅन घ्यायची होती. गाडीमागे घर जोडायचं आणि हिंडायचं. त्याची बायको ग्लेनिस म्हणाली, “घर मी चाळीस वर्षं ओढलं. आता मला पळायचंय.” आणि ही गाडी आणली. पळायची ती साठच्या वेगानं, बेकरीपर्यंत. चालवायची तीच, आणि चालवताना गाडीशी भांडायची. “ए भवाने, काच वर घे! सगळ्या गावाला माझे केस दाखवतेस का?” महिन्यातून एकदा ती माझ्याकडे यायची, तेव्हा सीटवर कागदात गुंडाळलेली गरम पेस्टी असायची, बटाटा आणि मटण भरलेली. “आधी खा, मग हिच्या आतड्यात हात घाल.”

तीन वर्षांपूर्वी ग्लेनिस गेली. अकरा दिवस दवाखान्यात होती, बारावा आलाच नाही.

आता गाडी विकली जाणार हे गावानं ठरवून टाकलं. मर्वबरोबर एकाच पाळीत काम केलेला रेक्स ट्रेलोअर तर रोज मागे लागायचा. “विक रे बाबा. तुझे गुडघे त्यात वाकत नाहीत. तुला बाहेर काढायला क्रेन लागते.”

“क्रेन आणशील, पण चालवणार कोण? तू तर आख्खी जेटी ठोकली होतीस.”

“एकदाच ठोकली!”

मर्वनं विकली नाही. फारशी चालवलीही नाही. पण काही बिघडलं की मला बोलवायचा आणि दर वेळी एकच अट घालायचा : बॅटरीची तार काढायची नाही. काढावीच लागली तर आधी दुसरी बॅटरी जोडायची, मग काढायची. मला वाटलं, म्हाताऱ्याचं खूळ आहे. पेस्ट्या मात्र आता तो आणायचा, विकतच्या. मी निमूट खायचो.

एकदा मी सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचलो. शेडचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून ग्लेनिस बोलत होती.

मी आत डोकावलो. मर्व गाडीत बसला होता, डोळे मिटून. त्या गाडीत जुन्या काळचा बसवलेला फोन होता. नंबर साठवताना नाव आपल्या आवाजात सांगायचं, गाडी ते जपून ठेवायची. स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं की सगळी यादी त्याच आवाजात वाचून दाखवायची. फोन कधीच मेला होता, कंपनीनं ते जुनं नेटवर्कच बंद केलं होतं. यादी राहिली होती.

“घर,” ग्लेनिस म्हणाली. “बेकरी.” मग “शीला, केसांची.” मग “मर्व, शेडमधला,” आणि तिच्या मागे मर्वचा आवाज : “अगं, चुकीचं दाबतेयस!” त्यावर तिचं हसू सुरू होतं तोच तुटलं. अशी अकरा नावं. शेवटचं : “तो वायरवाला पोरगा, उपाशी असतो.”

मर्वनं डोळे उघडले आणि मला पाहिलं. कान लाल झाले त्याचे. “कुणाला बोलू नकोस.”

“नाही बोलणार.”

“रेक्सला तर मुळीच नाही. तो रडेल, आणि मग मला त्याला बिअर पाजावी लागेल.”

मी सीटखालची त्या फोनची डबी उघडून पाहिली. आठवण धरून ठेवायला आत बटणाएवढा सेल होता, तो केव्हाच संपला होता. नवा डाख देऊन बसवायचा तर डबी गाडीपासून तोडावी लागणार, आणि तोडली की सगळं पुसलं जाणार. म्हणजे ग्लेनिस आता गाडीच्या बॅटरीवरच जगत होती. मर्वला हे आधीच ठाऊक होतं. ग्लेनिस असतानाच ॲडलेडच्या एका मेकॅनिकनं सांगून ठेवलं होतं.

“माझ्या मोबाइलवर उतरवून घेऊ,” मी म्हणालो. “पाच मिनिटांचं काम आहे.”

त्यानं बराच वेळ दारावरची धूळ पुसली. “घेऊ. गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. तेव्हा मी नीट बसू शकेन तिच्याशेजारी.”

मी हो म्हणालो. पाच मिनिटांचंच तर काम होतं.

नोव्हेंबरात तो ॲडलेडला गेला, तीन आठवडे. इथे तेव्हा उन्हाळा लागतो, ऐन सुगी होती, मी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या हार्वेस्टरखाली. एका दुपारी रेक्सचा फोन आला. “मर्वच्या राणीसरकारला बॅटरी कुठली लागते रे?” मी तोंडात टॉर्च धरून नंबर सांगितला. का, हे विचारलं नाही. पलीकडून ड्रायव्हर ओरडत होता, गहू वाळला होता, आणि मी फोन ठेवला.

इथे माणूस दवाखान्यात गेला की त्याचे सोबती न विचारता त्याच्या घरी जातात. त्याला सांगायचं नाही, आल्यावर दिसलं पाहिजे. रेक्स आणि धक्क्यावरचे सहाजण गेले. वणव्याचे दिवस तोंडावर, म्हणून वाळलं गवत कापलं, पन्हाळी साफ केल्या. आणि शेडमध्ये उभ्या गाडीचं इथला कुठलाही शेतकरी करतो तेच रेक्सनं केलं : ठिणगी नको म्हणून बॅटरीची तार काढली. तीन आठवडे काढूनच ठेवली. मर्व यायच्या दिवशी वर्गणीतून आणलेली कोरी बॅटरी बसवली, वर लाल फीत बांधली.

मीही तिथे होतो. लाल फीत पाहिली आणि मला रेक्सचा फोन आठवला. सांगायला तोंड उघडलं, तोवर मर्व काठी टेकत गाडीत बसला होता. नव्या गुडघ्यावर, पहिल्यांदाच न कण्हता. त्यानं किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. डिकी उघडली नाही, काच पडली नाही, ठणाणा नाही. सातजण लहान पोरांसारखे ओरडले.

मर्वनं स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

“यादीत नावं नाहीत,” गाडी म्हणाली. स्वच्छ, परक्या बाईच्या आवाजात.

“बघ, बोलायलाही लागली!” रेक्स म्हणाला. “आहे की नाही?”

मर्व समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर ग्लेनिसचे बागेचे हातमोजे टांगलेले. मग तो म्हणाला, “झकास झालंय, लेकांनो. आत चला, चहा टाकतो.” आणि रेक्सच्या पाठीवर थाप मारली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, “मर्व, नंबर मीच सांगितला. विचारायला हवं होतं.”

“मीही सांगायला हवं होतं त्यांना.” तो कप विसळत होता. “रेक्सला कळू देऊ नकोस. नाहीतर तो पुन्हा कुणाच्या घरी गवत कापायला जायचा नाही.”

आता गाडी कधी बंद पडत नाही. धक्क्यावरच्या पैजा थांबल्या. रेक्स भेटला की विचारतो, “बॅटरी कशी आहे?” आणि मर्व सांगतो, “टकाटक.”

मागच्या आठवड्यात त्यानं मला बोलावलं. बिघडलं काहीच नव्हतं. “यात नाव कसं घालतात, दाखव.” मी बटण दाखवलं.

“नाव सांगा,” गाडी म्हणाली.

“ग्लेनिस.”

“पुन्हा सांगा.” खात्रीसाठी ती दोनदा विचारते. दोन्ही आवाज जुळले तरच नाव ठेवते.

मर्वनं घसा खाकरला. “ग्लेनिस.”

“जुळत नाही. पुन्हा सांगा.”

तो पुन्हा म्हणाला. मी बाहेर येऊन उभा राहिलो. आतून ती बाई विचारतच होती, आणि दर वेळी तो वेगळ्याच आवाजात तेच नाव सांगत होता.