वाकलेल्या तीन पिना

गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीची आठ-दहा दुकानं होती. ज्या मदरबोर्डपुढे सगळ्यांनी हात टेकले, तो शेवटी भिंगवाल्या बाईंकडे यायचा. कपाळाला पट्ट्यानं बांधलेलं भिंग त्यांनी एकदा डोळ्यांवर ओढलं की समोर कोण बसलंय याचं त्यांना भान नसे. शेजारचा चार्जरवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईंपुढे मेलेला बोर्ड ठेवा, तोसुद्धा भिडेखातर उठून बसतो."

दुकान मूळचं नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा बाईंना सोल्डरिंग गन कुठल्या टोकाला धरायची हेही माहीत नव्हतं. लोक आपापल्या अर्धवट वस्तू परत न्यायला आले. बाई म्हणाल्या, "आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांची बावीस वर्षं झाली.

नणंद तेव्हाच सोबतीला आली आणि राहिली. लग्न तिनं केलं नव्हतंच. फोन, पावत्या, गिऱ्हाइकांची कटकट हे सगळं तिच्याकडे. सुरुवातीला एकदा तिनं विचारलं होतं, "मलाही शिकवाल का, वहिनी?" बाई सहज बोलून गेल्या, "वन्सं, तुमचे हात जड आहेत. तुम्ही माणसं सांभाळा, मी बोर्ड सांभाळते." नणंदेनं तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी बाईंना खिडकीचा गज मधेच वाकलेला दिसला. हात लावून पाहिलं तर गज सरळ होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतोय, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि गेलेलं परत येत नाही. बाईंनी तो कागद स्क्रूच्या डब्याखाली सरकवला आणि घरी सांगितलं, "नंबर वाढलाय." तेव्हापासून त्या मान तिरपी करून काम करायच्या, नखानं चाचपायच्या. जिकडे थेट बघावं तिथेच धुराचा ठिपका. जुन्या सवयीवर वर्ष निभावलं.

अशात पायवाला आला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यातला हा मेकॅनिक. गल्लीनं त्याचं नाव पायवाला ठेवलं होतं. त्यानं जुनाट कॉम्प्युटर टेबलावर ठेवला आणि घाम पुसला.

"बाई, पायाचा साचा कोरणारं मशीन याच्यावर चालतं. मापं घ्यायचा नवा प्रोग्रॅम टाकला, तर हा निम्म्यात अडकतो. अडकला की साचा वाया. चाळीस माणसं मापं देऊन बसलीत."

"नवा कॉम्प्युटर घ्या की."

"मशीनला कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड याच बोर्डात बसतं. तसली खाच नव्या बोर्डांवर येत नाही, आणि कार्ड बनवणारे केव्हाच बंद झाले."

म्हणजे बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर तेवढा वेगवान बसवायचा. काम बाईंच्या डाव्या हाताचं होतं. प्रोसेसर म्हणजे काड्यापेटीएवढा चौकोन, पोटाखाली सुईसारख्या शेकडो पिना. बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत त्या पिना बरोबर उतरल्या पाहिजेत, बोर्डानं तो प्रोसेसर ओळखला पाहिजे आणि त्याला लागणारी वीज पेलली पाहिजे. कुठले प्रोसेसर चालतात ती यादी बाईंनी नणंदेकडून वाचून घेतली. "चष्मा बदलायला टाकलाय," म्हणाल्या. मग बोर्डाच्या आतला जुना प्रोग्रॅम बदलून नवा भरला. यादीतला सगळ्यात वरचा प्रोसेसर आणायला नणंदेला गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्या काकांकडे धाडलं.

काका जुने कॉम्प्युटर फोडून त्यातले चांगले भाग विकायचे. प्रत्येक प्रोसेसर उजेडाकडे धरून, पिनांच्या रांगा गिऱ्हाइकाला दाखवून, मगच फोममध्ये गुंडाळून द्यायचे. त्या दिवशीही त्यांनी नणंदेला तसंच दाखवून दिला.

दुपारी नणंद डबा गरम करायला आत गेली. बाईंनी पंख्याखालचा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा जाड धातूचा ठोकळा काढला, जुना प्रोसेसर उचलून बाजूला ठेवला आणि नवा हातात घेतला. त्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, खाचेवरही तशीच खूण असते. दोन्ही जुळले की प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. दाबायचं कधीच नसतं. बाईंनी मान तिरपी करून त्रिकोण शोधला. सापडला असं वाटलं. प्रोसेसर ठेवला, तर तो एका बाजूनं वर राहिला. ठिपक्यातून नीट काही दिसेना. कंटाळून म्हणा की हट्टानं, त्यांनी अंगठ्यानं दाबलं.

बारीक कर्र आवाज आला. बाईंनी प्रोसेसर उचलून पिनांवरून नख फिरवलं. तीन पिना आडव्या पडल्या होत्या. सुईच्या टोकानं त्या सरळ करू गेल्या, तर एक तुटून टेबलावर पडली आणि कुठे पडली तेही त्यांना दिसलं नाही.

संध्याकाळी पायवाला आला. बाईंचं तोंड बघूनच त्यानं विचारलं, "काय झालं?"

"भंगारवाल्यानं वाकलेल्या पिनांचा दिलाय," बाई म्हणाल्या.

हे बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. काउंटरमागून नणंदेनं मान वर केली, वहिनीकडे पाहिलं आणि पुन्हा पावतीपुस्तकात घातली. पायवाला तरातरा बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज चढलेला इथवर ऐकू आला. चोर, लबाड, लंगड्यांच्या तोंडचं काढून खातोस. काकांचा आवाज काही ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच काका दारात उभे. हातात फोमच्या दोन पुड्या.

"यातला कुठलाही लावा," ते म्हणाले. "बाई, मी बघूनच दिला होता हो. पण रात्रभर विचार केला. सत्तरी उलटली, आपलेच डोळे दगा देत असतील. हे तुम्ही नीट तपासा, माझ्यावर विसंबू नका. मी आता हे भाग विकणंच बंद करतो."

बाई खुर्चीत बसल्या होत्या त्या उठल्या. टेबलाची कड घट्ट धरली.

"काका, डोळे तुमचे नाहीत गेले. माझे गेलेत. पिना मी वाकवल्या."

काकांनी हातातल्या पुड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग काल त्या माणसानं चारचौघांत मला चोर म्हटलं, ते?"

"त्याला मी सांगते. सगळ्यांना सांगते."

"सांगा. पण ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं." पुड्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या आणि गेले.

दुकानात दोघीच उरल्या. नणंद जागची हलली नाही.

"डॉक्टरांनी कधी सांगितलं?"

"वर्ष झालं."

"आणि मला नंबर वाढलाय म्हणालात."

बाईंनी भिंगाचा पट्टा सोडून तो नणंदेपुढे धरला. "चाळीस माणसं थांबलीत, वन्सं. मी सांगते तसं करा."

"माझे हात जड आहेत," नणंद म्हणाली. त्यात टोमणा होता की भीती, बाईंना कळलं नाही. पण तिनं भिंग बांधलं.

बाई तिच्या खांद्याशी उभं राहून सांगत गेल्या. खाचेची बारीक दांडी वर करा. त्रिकोण शोधा. प्रोसेसर कडेनं धरा, पिनांना बोट नको. नणंदेनं दोनदा प्रोसेसर खाचेपर्यंत नेला आणि परत फोमवर ठेवला. तिसऱ्यांदा खाचेवर ठेवला तेव्हा तो अलगद खाली बसला. दांडी खाली, वर उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट वाटाण्याएवढी, मग ठोकळा, मग पंख्याची वायर. कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर आलेलं प्रोसेसरचं नाव नणंदेनं अक्षर-अक्षर वाचून दाखवलं. यादीतलंच होतं.

पायवाला कॉम्प्युटर न्यायला आला तेव्हा बाईंनी त्याला खरं काय ते सांगितलं. तो कानकोंडा झाला. "अहो, मी काय काय बोललो त्या म्हाताऱ्याला," म्हणाला. तो उचलून निघाला, काकांच्या दुकानापाशी रेंगाळला, पण आत गिऱ्हाईक होतं. तसाच पुढे गेला. आठवड्याभरानं त्याचा फोन आला. मशीन आता निम्म्यात अडकत नव्हतं, नऊ साचे झाले होते.

बाईंनी गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा विचारला, डोळ्यांबद्दल हळहळले. काकांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काकांनी प्रोसेसर विकणं खरोखर थांबवलं. आता नुसत्या केबल आणि जुने पंखे. बाई समोरून गेल्या तर ते खाली बघून वायरी गुंडाळत राहत.

नणंद आता बोर्डापाशी बसते. साधी कामं जमतात तिला, अवघड परत पाठवते. एकदा काम करताकरताच ती म्हणाली, "त्यांनी पिना मला दाखवून दिल्या होत्या, वहिनी. सगळ्या सरळ होत्या."

"माहीत आहे."

"तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

बाई काउंटरमागे बसल्या होत्या. फोन वाजला, तो त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात नेऊन उचलला, आणि पलीकडच्याला सांगितलं की मदरबोर्डची अवघड कामं इथे आता होत नाहीत.