आर्वीच्या वळ्या

आधी चहा संपवून घ्या, मग सांगतो. हसताना ठसका लागला तर उगाच माझ्या नावानं बोंब नको. आणि हसा बिनधास्त! अख्ख्या भिलाईनं हसून घेतलंय, तुम्हीच कावून मागे राहता?

एक सांगून ठेवतो. मी गाढवपणा केला की चोरून-लपून करत नाही. मंडप टाकून, माइक लावून, सख्ख्या आईला समोर खुर्चीत बसवून करतो.

आपल्या शहरात येतं वर्ष उत्सवाचं वर्ष म्हणून साजरं होणार, ही बातमी तुम्हीही ऐकली असेल. वर्षभर गाणं-बजावणं, नाच, खेळ, खाणं. आता भिलाई म्हणजे काय, पोलादाच्या प्लांटच्या कृपेनं देशाचा असा कोपरा नाही की जिथला माणूस इथं नाही. म्हणून ठरलं, प्रत्येक समाजानं आपापलं काहीतरी आणायचं. केरळवाल्यांनी ढोल घेतले, बंगाल्यांनी गाणी वाटून घेतली, पंजाब्यांनी भांगडा आणि कुस्ती दोन्ही उचललं. आमच्या मराठी मंडळाचं काय? आमचं लेझीम सभासदांच्या गुडघ्यांनी केव्हाच बंद पाडलं होतं. राहिलं खाणं.

खाण्याच्या स्टॉलचा नियम सोपा होता. एका समाजाचा एकच पदार्थ, तो त्यांचा स्वतःचा पाहिजे आणि दुसऱ्या कोणाशी जुळता कामा नये. आधी चाखणी. त्यात पास झालात तर स्टॉल वर्षभर तुमचा. नापास झालात तर वर्षभर दुसऱ्यांच्या स्टॉलसमोर प्लेट घेऊन उभे राहा.

हुडको कॉलनीत अध्यक्षांच्या घरी बैठक भरली. अध्यक्ष म्हणजे वानखडेसाहेब, रेल्वेतून रिटायर झालेले, पण अजूनही गाडी सुटायची असल्यासारखे बोलतात. मी सचिव. कोणी म्हणालं पुरणपोळी, कोणी म्हणालं वडापाव.

"पुरणपोळी तर आता पाकिटात भेटून राहिली," वानखडेसाहेब म्हणाले. "अन् वडापाव चौकातला सरदारजी बी विकते. असं काही सांगा जे फक्त आपलंच आहे. लवकर बोला, टाइम नाही."

आणि मी उभा राहिलो. कशाला उभा राहिलो, देव जाणे!

"आर्वीच्या वळ्या," मी म्हणालो.

वळ्या तुम्हाला माहीत नसतील. उरलेला भात आणि तांदळाचं पीठ एकत्र मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या, वाफवायच्या आणि वरून तीळ, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. सोबत टमाट्याची चटणी. आई लहानपणापासून खाऊ घालत आली. तिचं माहेर वर्धेकडचं, आर्वीजवळचं एक खेडं. बाबा दर रविवारी पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "वा! आर्वी ती आर्वी!" बाबा गेले, पण आमच्या घरी रविवारी अजूनही वळ्याच होतात.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलायला लागल्या की माझी जीभ सुटते, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, हा पदार्थ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतला आहे. घोडेस्वार वळ्या कमरेला बांधून निघत आणि घोड्यावरच खात. हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. बोलता बोलता सुचलं आणि सुचल्याबरोबर मलाही खरं वाटायला लागलं.

"शिक्कामोर्तब!" वानखडेसाहेब म्हणाले. "पण पक्कं ना इंगोले? मंडळाची इज्जत तुमच्या हातात आहे."

"स्टॉल नाही मिळाला तर सचिवपद सोडतो," मी म्हणालो. वर टेबलावर हात आपटला. लागला हो चांगलाच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. कुंदा नागपूरची, कमी बोलते. तिच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

"अहो, आर्वीले तांदूळ पिकते का?"

"नाही पिकत तर बाजारातून आणत असतील. तू पदार्थाकडे पाहा, इतिहास मी पाहतो."

"आईले एकदा विचारून तर घ्या."

"आईला काय विचारायचं? तिच्याच माहेरचा पदार्थ आहे!"

"मी काय म्हणून राहिली..."

"कुंदा, तू फक्त मीठ बरोबर टाक."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर रिपोर्ट वाचून पेशंटकडे पाहतात. म्हणाली, "बरं." लग्न झालेल्यांना सांगायला नको, या 'बरं'ला घाबरायला पाहिजे. मी फेटा शोधायला गेलो.

चाखणीच्या सकाळी मैदानात नुसती गर्दी. आमच्या स्टॉलवर बॅनर, 'आर्वीच्या वळ्या', खाली माझ्या सांगण्यावरून एक घोडा काढलेला. घोडा दिसायला जरा बकरीकडे झुकला होता, पण फेटा मात्र माझ्या डोक्यावर अस्सल होता. कुंदानं डबा उघडला, वाफ निघाली आणि मी घोडेस्वारांची गोष्ट सुरू केली.

तेवढ्यात शेजारच्या स्टॉलवर झाकण उघडलं. बोरसीच्या बायकांच्या बचत गटाचा स्टॉल, पुढे दुलारीबाई नावाची एक हसतमुख बाई. मी सहज डोकावलो. आत काय? वळ्या! तेवढ्याच, तशाच, वर तेच तीळ, तीच मिरची, तोच कढीपत्ता, बाजूला तीच टमाट्याची चटणी!

"ये क्या है?" मी ओरडलो.

"का होगे भैया?" दुलारीबाई दचकली. "ए तो फरा आय."

"फरा-बिरा कुछ नहीं! ये हमारी वळ्या है!"

"हमर घर म तो रोज बनथे भैया. खा के देखव."

आता तुम्ही म्हणाल, गड्या, तू इथं जन्मलास, इथंच म्हातारा झालास आणि तुला छत्तीसगडचा फरा माहीत नाही? नाव ऐकलेलं होतं. भज्यासारखं काहीतरी तळलेलं असेल, असा माझा समज. आमच्या घरी बाबांचा कायदा होता, इथलं काही खायचं नाही. आपण विदर्भाचे, आपलं तेच खायचं. बाबांनी भिलाईत घर केलं, पेन्शन खाल्ली, पण छत्तीसगडी घास तोंडात घातला नाही. मी तोच कायदा पुढे चालवला. कोणी फरा पुढे केला की मी हात जोडायचो.

मी तडक चाखणीवाल्या मॅडमकडे गेलो. बिचारी तरुण पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात पेन.

"मॅडम, चोरी हुई है. दो सौ साल पहले भोसले की फौज इधर आई थी, तभी इन लोगों ने हमारा पदार्थ उठा लिया."

ऐका! बैठकीत सुचलेले घोडेस्वार आता छत्तीसगडात पोचले होते. दुलारीबाई तोंडाला पदर लावून हसत होती. वानखडेसाहेब मात्र छाती काढून माझ्या मागे उभे. मंडळाची सगळी माणसं उभी. मला सांगा, अशा वेळी मागे फिरता येतं का?

मॅडम म्हणाली, "सर, एक जैसे दो नहीं रख सकते. एक को हटाना पड़ेगा. कोई बुज़ुर्ग हैं जो बता सकें ये असल में किसका है?"

"हैं ना! मेरी माँ!"

कुंदानं माझी बाही ओढली. "अहो, नका आणू."

"कावून?"

"नका आणू म्हणते ना मी."

मी ऐकलं? छे! फेट्यासकट स्कूटर काढली, स्मृतीनगरला घरी गेलो. आई दूरदर्शनसमोर शेंगा सोलत होती.

"आई, चल. साडी बदल."

"कुठं नेऊन राहिला?"

"तुझा सत्कार आहे."

"मी काय केलं बाप्पा?" असं म्हणत ती निघाली. वाटेत दोनदा विचारलं, जेवण तिथंच आहे का.

मैदानात तिला खुर्ची दिली, हातात माइक दिला. चांगली शंभरेक माणसं गोळा झाली होती, कारण भांडण आहे म्हटल्यावर केरळवालेही ढोल ठेवून आले होते. मॅडमनं अदबीनं दोन्ही प्लेटा पुढे केल्या. "माँजी, ये आपके मायके का है ना?"

आईनं आधी आमची वळी खाल्ली. मग दुलारीबाईची. सावकाश चावली.  मग आई माइकमध्ये दुलारीबाईला म्हणाली, "मस्त जमला बाई फरा. आमच्या कुंदाचा जरा कडक होते."

"आई, वळ्या म्हण, वळ्या!" मी कुजबुजलो.

"अरे, फराच आहे तो." माइक चालू. "आपल्या जुन्या क्वार्टरच्या मागं बिसाहिन म्हणून इथलीच एक बाई राहे, तिनं शिकवला मले. तू तवा पाळण्यात होता."

"पण आर्वी? आई, तुझी आर्वी?"

"आर्वीले कुठचा आला रे तांदूळ? ज्वारीचं गाव आमचं. भात दिसे तो दिवाळीले, नाही तर पाहुणा आला तर."

माझ्या मागून वानखडेसाहेबांचा आवाज आला, "अरे देवा." गाडी रुळावरून घसरल्यावर काढतात तसा.

आणि आई थांबेना हो! माइक पहिल्यांदाच मिळाला होता, सत्कार आहे हेही मीच सांगितलेलं. "याचे बाबा लय हट्टी. इथलं काही खाणार नाही म्हणत. इकडं रोज भात उरे. अन्न काय फेकाचं? मी करून वाढलं अन् म्हटलं, आमच्या आर्वीचं आहे. सासुरवाडीचं म्हटल्यावर माणूस काय बोलते? चूपचाप खाल्लं. मंग जन्मभर मागून खाल्लं!"

हसणं सुरू झालं ते दुलारीबाईपासून. मग बंगाली, मग पंजाबी. केरळवाल्यांना मराठी येत नाही, त्यांना कोणीतरी हिंदीत सांगितलं, मग ते वेगळे हसले. बॅनरवरचा घोडासुद्धा दात काढतोय असं मला वाटलं.

मी आयुष्यभर प्लांटमध्ये तपासणीत होतो. पोलादाच्या प्रत्येक पत्र्यावर कोणत्या भट्टीतून आला त्याचा नंबर असतो. नंबर दिसला नाही तर मी माल अडवायचो, साहेब आला तरी सोडायचो नाही. आणि घरी दर रविवारी ताटात काय पडतंय, ते कुठून आलं, हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटली. खरंच वाटली. पण मग बाबांचे मिटलेले डोळे आठवले, "आर्वी ती आर्वी!" आणि मलाही हसू आवरेना.

कुंदाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या पयल्या वर्षीच आईनं सांगितलं. अन् शपथ घातली, कोनाले बोलू नको म्हणून. तरी तांदळाचं विचारलं का नाही मी तुमाले?"

विचारलं होतं. 

दुलारीबाईनं आईचा हात धरून तिला आपल्या स्टॉलवर नेलं. दुपारपर्यंत आई तिथं बसून मिरची किती घालायची ते सांगत होती, आणि सत्कार खरोखरच झाला, शाल दुलारीबाईच्या गटानं दिली. आमचा बॅनर उतरला. मॅडम भली, म्हणाली, संध्याकाळी यादी बंद होईपर्यंत दुसरा पदार्थ कळवा, नाहीतर जागा दुसऱ्यांना जाईल.

संध्याकाळी मी घरी तोंड पाडून बसलो होतो, मागे आई आणि कुंदा. वानखडेसाहेबांचा फोन आला. "इंगोले, यादी बंद होऊन राहिली. शेवटची संधी. दुसरा पदार्थ बोला, अन् या वेळेस पक्का बोला!"

मी डोळे मिटले. आईच्या हातचं काय काय आठवलं, आणि एकदम सापडलं! बाबांचं दुसरं आवडतं. हेही आर्वीचंच.

"लिहा!" मी ओरडलो. "अळूच्या वड्या घातलेली कढी! आर्वीची! हिच्यात तांदळाचा दाणा नाही!"

फोन कानाला लावूनच मी विजयानं मागे वळलो. आईनं कुंदाकडे पाहिलं. कुंदानं आईकडे पाहिलं. मग दोघी मिळून शेंगा सोलायला लागल्या.

"इंगोले? लिहू का? इंगोले!"

मी म्हणालो, "वानखडेसाहेब, पुरणपोळी लिहा. पाकिटातली लिहिली तरी चालेल. अन् मले तेवढं खेळात टाका. रस्सीखेच असेल तर बेस्ट. तिथं दोर कुठून आला, हे मी कोणालेच सांगणार नाही."